त्याच जागी पडलेलं फूल एकदा आऊट आणि एकदा इन, हे काय गौडबंगाल आहे?

उशिराचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. वय सत्तेचाळीस, गुडघ्यांचं वय विचारू नका. लहानपणी बॅडमिंटन खेळलोय, म्हणजे दोरीवर जुनी चादर टाकून केलेलं नेट, पायाने ओढलेल्या रेषा आणि फूल (शटल हो) खाली पडलं की पॉइंट, एवढाच नियम. आता तीन आठवड्यांपासून संध्याकाळी एका इनडोअर कोर्टवर जायला लागलोय. नेहमीचे तिघे आहेत, त्यांना चौथा हवा होता, तो मी. डबल्स खेळतो. हात हळूहळू बसेल, पण त्यांची भाषा काही केल्या कळत नाहीये.

परवाचंच सांगतो. मी सर्व्हिस केली, चांगली उंच, पार मागे. समोरच्याने हातसुद्धा उचलला नाही. मागे ज्या दोन आडव्या रेषा असतात, त्यांच्या मधल्या पट्ट्यात फूल पडलं. "आऊट," तिघे एका सुरात. त्यात माझा पार्टनरही आला. बरं, मान्य. दहा मिनिटांनी रॅली चालू असताना समोरून एक उंच फटका आला. आमच्या बाजूच्या अगदी त्याच पट्ट्यात पडणार हे मला स्पष्ट दिसलं. मी नव्याने मिळालेलं ज्ञान वापरून ऐटीत बाजूला झालो. फूल पडलं, मी "आऊट" म्हणालो, आणि तिघे माझ्याकडे बघत राहिले. "इन आहे हो!" एकाच जागेला दोन न्याय कसे?

दुसरी अडचण फटक्यांच्या नावांची. पार्टनर मागून ओरडतो, "टॉस करा, टॉस!" मी थबकलो. टॉस तर सुरुवातीलाच झाला होता, नाणं खिशात परत गेलं होतं. तोवर फूल पायाशी. मग "ड्रिबल करा". ड्रिबल मला फुटबॉलमधलं ठाऊक. शिवाय ड्रॉप, ड्राइव्ह, क्लिअर, लिफ्ट, पुश, ब्लॉक, टॅप, फ्लिक. एक वही केली आहे, प्रत्येक शब्दापुढे एकेक ओळ उतरवून घेतली. घरी पाठ असतं, कोर्टवर उभं राहिलं की सगळ्या ओळी एकसारख्या वाटतात.

तिसरं, डबल्समध्ये आता सर्व्हिस कोणाची हे त्यांना कळतं कसं? मी दर पॉइंटला विचारतो, "आता कोण?" आणि कुणीतरी नुसतं बोट दाखवतं. तीन आठवडे बोटावर चाललोय.

कोणी नीट समजावेल का? व्याख्या नकोत, त्या वहीत आहेत.

बॅकहँड_बंद

टॉसच्या बाबतीत तुम्ही एकटे नाही. मी सहा महिने लिफ्ट आणि टॉस हे दोन वेगळे फटके समजून लिफ्टचा वेगळा सराव करत होतो. शेवटी एका शाळकरी मुलाने सांगितलं, "काका, तेच आहे ते."

रेषांवर मी बोलत नाही. खुर्चीताई येतील, त्यांचा विषय आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची

आले. पाहुणे, तुमचे तिघे दोन्ही वेळा बरोबर होते, फक्त कारण सांगायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मी बरीच वर्षं स्पर्धांना लाईन जज म्हणून बसले आहे. कोर्टाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून दिवसदिवस एकाच रेषेकडे बघायचं काम. त्यामुळे रेषांवर मला कोणी विचारलं की लवकर आटपत नाही, सहन करा.

आधी कोर्ट. लांबी 13.40 मीटर, रुंदी 6.10. मधोमध नेट, म्हणजे प्रत्येक बाजूला 6.70 मीटर. आता दोन्ही कडांना बघा, शेजारी शेजारी दोन रेषा आहेत. बाहेरची डबल्सची, आतली सिंगल्सची. मधला 46 सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे साइड गॅलरी. दोन्हीकडच्या गॅलऱ्या वजा केल्या की सिंगल्सची रुंदी उरते 5.18. मागच्या टोकाला तसाच आडवा पट्टा, 76 सेंटिमीटरचा, ती बॅक गॅलरी. तुमचं भांडण तिथलं. नेटपासून 1.98 मीटरवर आडवी जाते ती शॉर्ट सर्व्हिस लाईन, आणि तिच्या मधून मागे जाणारी सेंटर लाईन. या दोघी जिथे भेटतात त्या जागेला सगळे "टी" म्हणतात, आकारच तसा आहे.

आता खरी गोष्ट. यातल्या काही रेषा फक्त सर्व्हिसपुरत्या जिवंत असतात. शॉर्ट सर्व्हिस लाईन, सेंटर लाईन आणि डबल्समध्ये बॅक गॅलरीची आतली रेषा. सर्व्हिस परतवली गेली की त्या मेल्या. मग उरतात फक्त बाहेरच्या सीमा. तुमची सर्व्हिस पडली तेव्हा ती मागची आतली रेषा जिवंत होती, म्हणून आऊट. रॅलीत ती मेलेली होती, म्हणून इन. तुम्ही मेलेल्या रेषेवर विसंबून बाजूला झालात.

सर्व्हिसचा चौकोन लक्षात ठेवायचा तर असा: सिंगल्समध्ये लांब आणि चिंचोळा, डबल्समध्ये आखूड आणि रुंद. सिंगल्समध्ये मागची शेवटची रेषा चालते पण साइड गॅलरी बाद. डबल्समध्ये साइड गॅलरी चालते पण बॅक गॅलरी बाद. सर्व्हिस संपल्यावर डबल्सला पूर्ण कोर्ट मोकळं, सिंगल्सला मात्र साइड गॅलरी शेवटपर्यंत बंद.

डबल्सचा चौकोन मागून कापलेला असण्याचा तुमच्या खेळावर थेट परिणाम होतो. सिंगल्समध्ये उंच सर्व्हिस करून समोरच्याला पार मागच्या रेषेपर्यंत ढकलता येतं. डबल्समध्ये तीच सर्व्हिस पाऊण मीटर अलीकडे पाडावी लागते, म्हणजे समोरच्याला तितकं पुढे येऊन स्मॅश मारता येतो, आणि स्मॅश मारून तो अडकतही नाही, बाकीचं कोर्ट बघायला त्याचा पार्टनर आहे. म्हणून डबल्सवाले बहुतेक सर्व्हिस आखूड करतात, नेटला जवळजवळ घासून शॉर्ट लाईनच्या जरा पलीकडे. समोरचा त्या आखूड सर्व्हिसवर झेप घ्यायला पुढे झुकून उभा राहायला लागला, की तशाच हालचालीत शेवटच्या क्षणी मनगट झटकून फूल त्याच्या डोक्यावरून न्यायचं. ती फ्लिक. तुमची "चांगली उंच" सर्व्हिस डबल्समध्ये आत पडली असती तरी चांगली नव्हती, राग मानू नका.

आणि रेषा आतली असते. तिची रुंदी 40 मिलिमीटर, तिच्या कुठल्याही भागाला फूल टेकलं की इन. पहिलं टेकलं ती जागा धरायची. नंतर घरंगळून कुठे गेलं याच्याशी घेणं नाही, यावरून झालेले वाद मी मोजायचं सोडून दिलं. फूल आऊट असेल तर लाईन जज दोन्ही हात आडवे पसरून जोरात "आऊट" म्हणतो. इन असेल तर तोंड उघडायचंच नाही, फक्त उजव्या हाताने रेषा दाखवायची. दिसलंच नाही तर दोन्ही हात डोळ्यांवर. ते करताना काय वाटतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक. एवढा वेळ नुसती एक रेषा बघायला बसलेली बाई, आणि नेमकं तेव्हा खेळाडू मध्ये आला.

आता फटके. वही बाजूला ठेवा. नावं पाठ करू नका, फूल तुमच्या रॅकेटला कुठे भेटलं तेवढं बघा: नेटच्या पट्टीच्या वर की खाली? नेट खांबांपाशी 1.55 मीटर, मध्यात जरा झुकून 1.524. फूल त्याच्या वर भेटलं तर तुम्ही ते खाली पाठवू शकता, हल्ला तुमचा. खाली भेटलं तर वर उचलावंच लागतं, आणि हल्ला त्यांचा. सगळी नावं या दोन घरांत राहतात.

वरचं घर. मागून, डोक्यावरून, पूर्ण ताकदीने खाली: स्मॅश. ताकद राखून पण कोनात: हाफ स्मॅश. तोच हात, तीच उडी, पण शेवटी तारांनी फूल नुसतं सोडून द्यायचं की ते नेट ओलांडून लगेच मरावं: ड्रॉप. ड्रॉपचं अर्धं यश तो स्मॅशसारखा दिसण्यात आहे. तीच तयारी करून खोल मागे पाठवलं तर क्लिअर. नेटला चिकटून उभे आहात आणि फूल पट्टीच्या वर आलं, तर हात मागे न नेता छोटा टोला: टॅप, पुस्तकी नाव नेट किल. तिथे मोठा हात फिरवलात की रॅकेट नेटला लागणार, म्हणून टोला छोटा.

खालचं घर. पुढच्या बाजूने खालून उचलून पार मागे: लिफ्ट. बऱ्याच कोर्टवर लिफ्टला आणि उंच क्लिअरलाही सरसकट "टॉस" म्हणतात. तुमच्या पार्टनरला तेच हवं होतं: फूल उंच मागे पाठवा आणि मला सावरायला वेळ द्या. खालून पण हलक्या हाताने, फूल नेटवरून जेमतेम पलीकडे टाकलं: नेट शॉट. तो करताना रॅकेट फुलाखालून जराशी सरकवली की फूल गिरक्या घेत पलीकडे जातं, आपल्याकडे बहुतेक जण ड्रिबल म्हणतात ते हेच. गिरक्यांचा उपयोग असा की फुलाचं बूच समोर येईपर्यंत समोरच्याला थांबावं लागतं. नुसत्या पिसांवर मारलं तर फूल कुठेही जाईल. तो थांबला की तेवढ्यात फूल खाली उतरतं, आणि तो खालच्या घरात अडकतो.

समोरून आलेल्या स्मॅशला रॅकेट नुसती आडवी धरून फूल नेटजवळ मेल्यासारखं टाकायचं, तो ब्लॉक. तोही खालचाच.

उंबरठ्यावर दोन आहेत. ड्राइव्ह, म्हणजे नेटच्या उंचीला सपाट आणि वेगात, ना वर ना खाली. आणि पुश, ड्राइव्हचं सौम्य भावंड, नेटजवळून मधल्या मोकळ्या जागेत ढकललेलं.

उशिराचा_पाहुणा

ताई, वही बंद केली. पण एक शंका राहिलीच. ड्रॉप आणि नेट शॉट दोन्ही नेटजवळच पडतात ना? आणि क्लिअर आणि लिफ्ट दोन्ही मागे. मग दोन दोन नावं कशाला?

कोपऱ्यातली_खुर्ची

कारण नाव फूल कुठे पडलं त्यावरून पडत नाही, कुठून निघालं त्यावरून पडतं. ड्रॉप तुमच्या कोर्टाच्या मागून निघतो, नेट शॉट पुढून. क्लिअर मागून डोक्यावरून, लिफ्ट पुढून खालून. हे ध्यानात आलं की ऐकणाऱ्याला दिसतं: "त्याने ड्रॉप टाकला" म्हटलं की तो मागे होता, आता त्याला पुढे धावायचंय. "नेट शॉट टाकला" म्हटलं की तो अजून नेटवरच टपून उभा आहे.

क्लिअरही दोन तऱ्हेचा असतो. उंच क्लिअर वेळ विकत घेतो, फूल जवळजवळ सरळ खाली उतरतं आणि तोवर तुम्ही कोर्टाच्या मध्यात परत येता. सपाट क्लिअर समोरच्याचा वेळ चोरतो, पण पुरेसा उंच नसला तर तो वाटेतच हात घालतो. तुम्ही सध्या उंचच मारा.

बॅकहँड_बंद

ताई, स्मॅशच्या वेगाबद्दल पण सांगा ना. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या 2023 मधल्या 565 किलोमीटरच्या गिनीज नोंदीचं वाचलं. रेसच्या गाडीपेक्षा जास्त! मग तसला स्मॅश परतवतात कसा?

कोपऱ्यातली_खुर्ची

तो आकडा मॅचमधला नाही, खास मोजणीच्या वेळचा, आणि फूल रॅकेटवरून सुटतं त्या क्षणाचा आहे. फुलाला सोळा पिसं असतात, वजन जेमतेम पाच ग्रॅम, आणि पिसांचा घेर हवेला असा अडतो की समोरच्यापर्यंत पोचेस्तोवर बराचसा वेग गळून गेलेला असतो. गाडीला पिसं लावली तर तीही थांबेल. याच गुणामुळे ड्रॉप चालतो, उंच सर्व्हिस सरळ खाली येते, सगळा खेळ त्या घेरावर आहे.

सम_विषम

पाहुण्यांचा तिसरा प्रश्न अजून कोणी घेतला नाही, मी घेतो. मला हिशेब आवडतो.

आठवणीत फक्त एक ठेवा: सर्व्हिस करायची पाळी ज्या बाजूची, त्या बाजूचा स्वतःचा स्कोअर बघायचा. सम असेल तर उजव्या चौकोनात उभा असलेला सर्व्हिस करतो, विषम असेल तर डाव्यातला. शून्य सम. सर्व्हिस नेहमी तिरकी, समोरच्या कर्णावरच्या चौकोनात.

आणि जागा कधी बदलायची? फक्त एकदाच: तुमची सर्व्हिस होती आणि पॉइंटही तुम्हीच जिंकलात, तेव्हा तुम्ही दोघं आपसात जागा बदलता आणि त्याच माणसाने पुन्हा सर्व्हिस करायची. बाकी कधीही कोणी हलायचं नाही. लोकांचा गोंधळ इथे होतो, सर्व्हिस परत मिळाली की ते जागा बदलतात.

चालवून बघू. 0-0, तुम्ही उजवीकडे, सर्व्हिस तुमची. पॉइंट जिंकलात, 1-0. तुम्ही डावीकडे आलात, पार्टनर उजवीकडे गेला, पुन्हा तुमचीच सर्व्हिस, आता डावीकडून. समोरचे दोघे जागचे हलले नाहीत. हा पॉइंट हरलात, 1-1. सर्व्हिस त्यांच्याकडे. कोणीच हलायचं नाही. त्यांचा स्कोअर एक, विषम, म्हणून त्यांच्यातला डावीकडचा सर्व्हिस करणार. ती घेणार तुम्ही, कारण तुमच्या डाव्या चौकोनात तुम्हीच आहात. तो पॉइंट ते हरले, तुमचे 2, त्यांचा 1. दोन सम. तुमच्या उजव्या चौकोनात कोण आहे? पार्टनर. म्हणून सर्व्हिस पार्टनरची. ते तिघे बोट दाखवतात तेव्हा मनात एवढंच बघतात: स्कोअर सम की विषम, आणि तिथे कोण उभं आहे.

चौकोनांचं बंधन फक्त सर्व्हिसच्या क्षणाला. रॅली सुरू झाली की चौघेही आपापल्या बाजूला कुठेही पळा. हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचाव करताना दोघे शेजारी शेजारी, ही नेहमीची रीत आहे, नियम नव्हे. तुम्ही लिफ्ट केलीत की पार्टनर बाजूला सरकतो, ते याच्यासाठी.

गेम 21 चा, तीनपैकी दोन जिंकायचे. 20-20 झाले तर दोन पॉइंटची आघाडी लागते, पण 29-29 ला पोचलात तर तिसावा जो घेईल त्याचा गेम.

जुना_पंधरा

हल्लीचे लोक फार सोपं करून टाकतात. आमच्या वेळी 15 चा गेम असायचा आणि सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा. डबल्समध्ये पहिल्याची सर्व्हिस गेली की सेकंड सर्व्हर, मग समोरच्यांकडे. अर्धा तास खेळून स्कोअर 3-2! त्याची मजा वेगळी होती.

नवीन माणसाला दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली तर लेट, पुन्हा करायची. दोन, सर्व्हिस करताना फूल कमरेच्या खाली हवं. हे कोणी सांगत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

जुने, सलाम. पण दोन्ही मुद्द्यांवर हात आडवे पसरावे लागणार.

नेटला लागलेली सर्व्हिस योग्य चौकोनात पडत असेल तर ती चांगली सर्व्हिस आहे, खेळ चालू ठेवायचा. पुन्हा करायची ती टेनिसमध्ये. पाहुणे, तुम्ही लेट समजून हात खाली सोडलेत तर पॉइंट गेला. सर्व्हिसमध्ये लेट होतो तो मुख्यतः समोरचा तयार नसताना तुम्ही घाई केलीत तर. पण त्याने फूल मारायचा प्रयत्न केला असेल तर तो तयार होताच असं धरतात, नंतर "मी तयार नव्हतो" चालत नाही.

कमरेचं तुमचं जुन्या नियमानुसार बरोबर आहे. तेव्हा कंबर म्हणजे सर्वांत खालच्या बरगडीची पातळी धरायचे, आणि ती कुणाची कुठे यावरून सर्व्हिस जजच्या डोक्याला ताप. 2018 पासून आंतरराष्ट्रीय खेळात ठराविक उंची आली: रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. उंच माणसाला वाकायला लागतं, बुटक्याला फरक पडत नाही, त्यावर बरीच कुरकुर झाली. तुमच्या संध्याकाळच्या खेळात कोणी मोजपट्टी घेऊन बसत नाही, तेव्हा खालच्या बरगडीचा अंदाज बहुतेकांना पुरतो. पण दोन्ही पाय जमिनीवर स्थिर, कुठल्याही रेषेवर नाहीत, आणि एकदा रॅकेट पुढे निघाली की मध्ये थांबवायची नाही, एवढं पाळाच. रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे. सोडताना फुलाला बोटांनी फिरकी द्यायचा एक प्रकार निघाला होता, त्यावर 2023 मध्ये बंदी आली.

21 चा गेम आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट हे 2006 पासूनचं आहे, म्हणजे "हल्लीचं" म्हणायला तेही आता जुनं झालं. 3-2 ची मजा मात्र मलाही आठवते. खुर्चीवर बसून पाठ मोडायची.

जुना_पंधरा

ठीक, नेटचं मागे घेतो. एवढी वर्षं लेट देत आलो, कोणी बोललं नाही. बहुतेक सगळ्यांना सोयीचं होतं.

बॅकहँड_बंद

आता फॉल्टवर पण सांगून टाका ताई. आमच्याकडे रोज दोन भांडणं ठरलेली. रॅकेट नेटच्या पलीकडे गेली का, आणि फूल दोघांच्या रॅकेटला लागलं का.

कोपऱ्यातली_खुर्ची

पहिलं: फूल तुमच्या बाजूला असताना तुमची रॅकेट त्याला भेटली पाहिजे. भेट तुमच्या बाजूला झाली आणि मग हात ओघाने नेटवरून पलीकडे गेला तर चालतं. भेटच पलीकडे झाली तर फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्यांना. नेटला मात्र शिवायचं नाही, रॅकेट नाही, हात नाही, कपडाही नाही, जोवर फूल खेळात आहे. फूल जमिनीला टेकल्यावर तुम्ही नेटवर कोसळलात तरी पॉइंट वाचतो, नेटचं काय होतं ते वेगळं.

दुसरं: दोन्ही रॅकेट एकमेकींवर आपटल्या, पण फुलाला एकच लागली, तर खेळ चालू. आधी एकाची लागली आणि मग दुसऱ्याची, तर फॉल्ट. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा मारलं तरी फॉल्ट. पण एकाच झटक्यात फ्रेम आणि तारा दोन्हींना लागून गेलं तर चालतं. नुसत्या फ्रेमने लागलेला फटकाही कायदेशीर आहे. तो वेडावाकडा जातो, पॉइंट मिळतो, आणि मारणारा ओशाळून हसतो.

फूल तुमच्या अंगाला किंवा कपड्याला लागलं की पॉइंट त्यांचा, मग ते आऊट जात होतं का हे कोणी विचारत नाही. कोर्टाबाहेर उभं राहून आऊट जाणारं फूल हाताने झेलायची सवय असेल तर आजच सोडा. जमिनीला टेकेपर्यंत ते खेळात असतं.

छताला किंवा दिव्याला लागलं तर फॉल्ट. ठेंगण्या हॉलमध्ये जागेपुरता लेटचा नियम करून ठेवतात, सुरुवातीलाच विचारून घ्या.

उशिराचा_पाहुणा

चार दिवसांनी परत येतोय. प्रगती सांगतो. काल पहिल्यांदाच "आता कोण?" विचारलं नाही. स्कोअर 7, विषम, डावीकडे मीच, गुपचूप जाऊन उभा राहिलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही, त्यामुळे थोडा हिरमोड झाला. मागच्या पट्ट्यात पडेलसं वाटलेलं एक फूल या वेळी परतवायला धावलो आणि ते पट्ट्याच्याही बाहेर, खरोखर आऊट जात होतं. पार्टनर म्हणाला, "सोडायचं होतं." त्यावर मी काही बोललो नाही.

पण काल नवाच प्रकार झाला. मी ड्रिबल केलं (होय, केलं!). फूल नेटची पट्टी ओलांडून पलीकडच्या बाजूला गेलं आणि बूच जाळीत अडकून तिथेच लटकलं. खाली पडेना. समोरचे म्हणाले पॉइंट आमचा, कारण फूल आमच्या जमिनीवर आलंच नाही. माझा पार्टनर म्हणाला पॉइंट आमचा, कारण ओलांडलं तर आहे. पाच मिनिटं चौघे त्या लटकलेल्या फुलाकडे बघत उभे.

कोपऱ्यातली_खुर्ची

लेट. नेट ओलांडून पलीकडे अडकलं तर तो पॉइंट कोणाचाच नाही, स्कोअर तसाच, सर्व्हिस केली होती त्यानेच त्याच चौकोनातून परत करायची. सर्व्हिसच तशी अडकली असती तर मात्र सर्व्हिस करणाऱ्याचा फॉल्ट. आणि तुमच्याच बाजूला जाळीत अडकलं असतं तर सरळ पॉइंट त्यांचा.

मग पाच मिनिटांनी काय ठरवलंत?

उशिराचा_पाहुणा

नाणं काढून टॉस केला.